अनोळखी धातू उष्णतेवरून ओळखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत एक ओळंबा होता. पिवळसर, टोकाशी झिजलेला, मुठीत मावणारा आणि दिसतो त्यापेक्षा जड. घरात कोणी म्हणायचं, अस्सल पितळ आहे. कोणी म्हणायचं, वरून पितळ, आत शिसं ओतलंय, त्याशिवाय एवढा जड लागेल का? कापून बघायला मन धजत नव्हतं. शेवटी वजनकाटा, तापमापी आणि दोन भांडी पाणी एवढ्यावर त्याचा निकाल लावला. हाच प्रयोग दहावीपासून बीएस्सीच्या पहिल्या वर्षापर्यंतची मुलं करतात. तो करताना मुलं आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे त्या ओळंब्याच्या आकड्यांसह दिली आहेत.

या पद्धतीत नेमकं काय करतात?

धातूचा तुकडा उकळत्या पाण्यात तापवायचा, मोजून घेतलेल्या गार पाण्यात टाकायचा आणि पाणी किती अंशांनी तापलं ते बघायचं. धातूने जेवढी उष्णता दिली तेवढीच पाण्याने आणि भांड्याने घेतली, हे उष्णता विनिमयाचं तत्त्व. पाण्याने किती घेतली ते काढता येतं, कारण १ ग्रॅम पाणी १ अंश सेल्सिअसने तापायला ४.१८ जूल लागतात. मग १ ग्रॅम धातू १ अंशाने निवताना किती जूल देतो, हा आकडा, म्हणजेच त्याचा विशिष्ट उष्मा, हाती येतो. तो तक्त्यातल्या आकड्यांशी ताडून धातू ओळखायचा. पुस्तकात याला मिश्रण पद्धती म्हणतात.

विशिष्ट उष्मा आणि विशिष्ट उष्माधारकता वेगळी का?

एकच. जुन्या पुस्तकांत पहिला शब्द आढळतो, हल्लीच्या पुस्तकांत दुसरा. तक्ता कॅलरीत असेल तर त्यातल्या आकड्याला ४.१८ ने गुणा, म्हणजे जूलमधला आकडा मिळेल.

प्रत्येक धातूचा आकडा वेगळा का असतो?

हा प्रश्न फार कमी मुलं विचारतात, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर गोष्ट याच्याच उत्तरात आहे.

आधी आकडे बघू. १ ग्रॅमला १ अंशासाठी लागणारे जूल असे: मॅग्नेशियम १.०२, ॲल्युमिनियम ०.९०, लोखंड ०.४५, निकेल ०.४४, जस्त ०.३९, तांबं ०.३८५, पितळ साधारण ०.३८, चांदी ०.२३५, कथील ०.२३, शिसं ०.१३, सोनं ०.१३. यात काही संगती आहे असं वाटत नाही. आता प्रत्येक आकड्याला त्या धातूच्या अणुभाराने गुणून बघा. ॲल्युमिनियम: ०.९० गुणिले २७, म्हणजे सुमारे २४. लोखंड: ०.४५ गुणिले ५५.८५, म्हणजे सुमारे २५. तांबं: २४.५. चांदी: २५.३. शिसं: ०.१२९ गुणिले २०७, म्हणजे २६.७. हलकं ॲल्युमिनियम असो की जड शिसं, उत्तर २५ च्या आसपासच फिरतं.

ड्युलाँ आणि पेती या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांच्या हे १८१९ साली लक्षात आलं. याचा अर्थ असा की उष्णता घेताना धातू ग्रॅम मोजत नाही, अणू मोजतो. प्रत्येक अणूच्या वाट्याला जवळपास सारखीच उष्णता येते. शिशाचा एकेक अणू जड, त्यामुळे एका ग्रॅममध्ये अणू थोडे आणि ग्रॅममागे उष्णताही थोडी. ॲल्युमिनियमचे अणू हलके, ग्रॅममध्ये ते पुष्कळ बसतात, म्हणून त्याचा आकडा मोठा.

म्हणजे वजनकाटा आणि तापमापी घेऊन आपण अणू किती जड आहे हे चाचपत असतो. एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी शंकास्पद अणुभार तपासायला हा नियम खरोखरच वापरला. तो सगळीकडे चालत नाही. हिरा तो पाळत नाही, आणि फार कमी तापमानाला धातूही पाळत नाहीत. असं का होतं, हे आइन्स्टाइनने १९०७ मध्ये पुंज कल्पनेच्या आधारे समजावलं. आपल्या प्रयोगातल्या नेहमीच्या धातूंना मात्र तो छान लागू पडतो.

घरी करायचं तर सामान काय लागेल?

०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, चांगला तापमापी, उकळण्यासाठी पातेलं, सांडशी, बारीक तार आणि उष्णता बाहेर जाऊ न देणारं भांडं. शाळेच्या प्रयोगशाळेत यासाठी तांब्याचा कॅलरीमापी असतो. तो लाकडी पेटीत कापूस किंवा लोकर भरून ठेवतात आणि त्यासोबत तारेची ढवळणी येते. इंटरनेटवरच्या बहुतेक कृतींत थर्माकोलचे पेले सांगितलेले असतात. महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीत तेही आले, त्यामुळे त्यांच्या मागे लागू नका. दोन कागदी पेले एकात एक घालून वर पुठ्ठ्याचं झाकण ठेवलं तरी काम भागतं.

कृती कशी करायची?

धातूचं वजन करा. त्याला तार बांधून उकळत्या पाण्यात असा सोडा की तो पातेल्याच्या तळाला टेकणार नाही. तळ ज्वाळेने पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. दहा मिनिटं तसाच राहू द्या. तोवर पेल्यात गार पाणी मोजून घ्या आणि त्याचं तापमान दोन-तीन मिनिटं पाहून ते स्थिर असल्याची खात्री करा. मग धातू बाहेर काढा, फडक्याने झटकन टिपा, पेल्यात सोडा, झाकण लावा. हलक्या हाताने ढवळत राहा आणि दर १५ सेकंदांनी तापमान लिहा. पारा आधी चढतो, थोडा थांबतो, मग उतरू लागतो. सगळ्यात वरचा आकडा महत्त्वाचा, पण पुढची पाच मिनिटंही लिहून ठेवा. ती पुढे उपयोगी पडतात.

उकळतं पाणी म्हणजे १०० अंश धरू का?

नाही. मोजा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. मुंबईत किंवा रत्नागिरीत १०० धरलं तर फारसं बिघडणार नाही. पुणं सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला तर ९५-९६ ला.

गणित दाखवा ना, खऱ्या आकड्यांसह.

ओळंब्याचे आकडे असे होते. वजन २१२.० ग्रॅम. उकळत्या पाण्याचं तापमान ९८.० अंश. पेल्यात १५०.० ग्रॅम पाणी, २६.० अंशांवर. ओळंबा सोडल्यावर तापमान ३३.८ पर्यंत चढलं.

पाणी ७.८ अंशांनी तापलं. त्याने घेतलेली उष्णता १५० × ४.१८ × ७.८, म्हणजे सुमारे ४८९१ जूल. पेल्यांनी आणि तापमापीने मिळून अंशामागे १५ जूल घेतले (हे १५ कुठून आले ते पुढच्या प्रश्नात), म्हणजे ११७ जूल. एकूण ५००८. ओळंबा ९८.० वरून ३३.८ वर आला, म्हणजे ६४.२ अंशांनी निवला. ५००८ ला २१२ × ६४.२ ने भागलं की ०.३६८.

पेल्याचा वाटा धरला नसता तर ०.३५९ आलं असतं.

भांड्याने घेतलेली उष्णता कशी काढायची?

पाण्यात पाणी मिसळून. पेल्यात १०० ग्रॅम पाणी २६ अंशांचं घ्या, त्यात १०० ग्रॅम पाणी ६० अंशांचं ओता. भांड्याने काहीच घेतलं नसतं तर मिश्रण बरोबर ४३ वर थांबलं असतं. माझ्याकडे ४२.७ वर थांबलं. गरम पाण्याने १७.३ अंश गमावले, गार पाण्याने १६.७ मिळवले. मधला ०.६ अंशांचा फरक म्हणजे १०० × ४.१८ × ०.६, सुमारे २५१ जूल. ते भांड्याकडे गेले. भांडंही १६.७ अंशांनीच तापलं, म्हणून अंशामागे १५ जूल. हे मोजमाप मुख्य प्रयोगाच्या आधी करा, आणि त्याच पेल्यांवर, त्याच तापमापीने.

तांब्याचा कॅलरीमापी असेल तर त्याचं आणि ढवळणीचं वजन करून ०.३८५ ने गुणलं तरी चालतं.

माझं उत्तर दर वेळी वेगळं येतं. कधी कमी, कधी जास्त. असं का?

प्रयोगाची खरी मेख इथेच आहे, म्हणून जरा थांबून बघू.

धातू पातेल्यातून पेल्यात जायला चार-पाच सेकंद लागतात. कोरड्या धातूचं एवढ्यात फार नुकसान होत नाही, ओळंब्याएवढ्या वस्तूचे वीस-तीस जूल जात असतील. ५००० मध्ये ते किरकोळ. पण धातू ओला असतो, आणि सगळा घोळ त्या पाण्याचा असतो. बाहेर काढल्यावर अंगावरून वाफा निघताना दिसतात ना? १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० जूल लागतात. म्हणजे नुसतं ०.१ ग्रॅम पाणी वाफ होऊन उडालं तरी २२६ जूल गेले, साडेचार टक्के. याने उत्तर कमी येतं.

उलट, टिपायचं राहिलं आणि अंगावरचं पाणी पेल्यात गेलं तर ते ९८ अंशांचं पाणी आपली उष्णताही घेऊन येतं. १ ग्रॅम म्हणजे वीसेक थेंब. ते ६४ अंशांनी निवताना २६८ जूल देतं, पाच टक्क्यांहून जास्त. आणि आपण ते सगळे धातूच्या नावावर मांडतो. याने उत्तर जास्त येतं. माझ्या पहिल्या प्रयत्नात ओळंब्याचा आकडा ०.४१ आला होता, तो यामुळेच. दोऱ्याची गाठ मोठी होती, तिने स्पंजासारखं पाणी धरून ठेवलं होतं. ०.४१ म्हणजे ना पितळ ना लोखंड. अख्खी संध्याकाळ मी गणित तपासत बसलो होतो आणि चूक त्या गाठीत होती.

या दोन चुका एकमेकींच्या उलट दिशेला ओढतात. त्यामुळे कधी कधी दोन्ही होतात आणि उत्तर तक्त्याशी तंतोतंत जुळतं! असं जुळलेलं उत्तर मला चुकलेल्या उत्तरापेक्षा जास्त खटकतं, कारण ते पुन्हा तसं येत नाही.

यावर उपाय म्हणजे धातू कोरडाच तापवणं. तुकडे लहान असतील तर परीक्षानळीत घालून ती नळी उकळत्या पाण्यात उभी करा आणि तोंडाशी कापसाचा बोळा लावा. दहा मिनिटं पुरत नाहीत, वीस-पंचवीस द्या. तापमापी धातूच्या तुकड्यांत खोचून तिथलंच तापमान घ्या. ते पाण्यापेक्षा अंश-दीड अंश कमी असू शकतं. मोठी वस्तू नळीत मावत नसेल तर बारीक तार वापरा, दोरा नको. आणि टिपायचं फडकं हाताशी उघडून ठेवा.

पाणी तापल्यावर खोलीत उष्णता जाते, तिचं काय?

पाण्याचं सुरुवातीचं तापमान खोलीपेक्षा जेवढं खाली, तेवढंच शेवटचं वर असेल अशी योजना करा. पहिल्या भागात खोली पाण्याला थोडी उष्णता देते, दुसऱ्या भागात तेवढीच परत घेते. आपल्याकडे यासाठी माठासारखं दुसरं साधन नाही. माठातलं पाणी पाझरून, वाफ होऊन खोलीपेक्षा चार-पाच अंश गार झालेलं असतं, आणि आपल्याला साधारण तेवढंच गार हवं असतं. कोरड्या हवेत जास्त, कोकणातल्या दमट हवेत कमी. बर्फ घातलेलं पाणी टाळा, त्याचं तापमान सारखं बदलत राहतं.

हे जमलं नाही तर ती पुढची पाच मिनिटं लिहिलेली तापमानं कामी येतात. आलेखावर उतरती रेषा काढा आणि धातू सोडल्याच्या क्षणापर्यंत मागे वाढवा. तिथे मिळतं ते खरं शेवटचं तापमान.

तापमापी कोणता घ्यावा?

०.१ अंश दाखवणारा. यात काटकसर करू नका. ओळंब्याच्या प्रयोगात सगळी वाढ ७.८ अंशांची होती. शाळेतल्या १ अंशाच्या खुणांच्या तापमापीवर वाचताना अर्ध्या अंशाची चूक सहज होते. सुरुवातीला अर्धा आणि शेवटी अर्धा म्हणजे ७.८ मध्ये १. उत्तर तेरा टक्क्यांनी हलू शकतं, ०.३२ पासून ०.४२ पर्यंत कुठेही. ०.१ च्या तापमापीवर तेच अडीच टक्क्यांवर येतं, ०.३६ ते ०.३८. वजनकाट्याची चूक याच्यापुढे काहीच नाही. दोन्ही वाचनं एकाच तापमापीने घ्या. तापाचा तापमापी इथे चालत नाही, तो ४२ च्या पुढे जातच नाही.

पाणी कमी घेतलं तर वाढ जास्त मिळते. धातू पुरता बुडेल इतकंच घ्या.

०.३७ आलं. मग हे तांबं, पितळ की जस्त?

नुसत्या या आकड्यावरून सांगता येणार नाही, आणि कोणी ठामपणे सांगत असेल तर त्याला कसं ते विचारा. तांबं ०.३८५, जस्त ०.३९, पितळ ०.३८. तिघांचे अणू जवळपास सारख्याच वजनाचे, तांबं ६३.५ आणि जस्त ६५.४. पितळ म्हणजे याच दोघांचं मिश्रण. मग आकडे वेगळे पडणार कसे?

इथे घनता मदतीला येते. मोजपात्रात पाणी घेऊन ओळंबा बुडवला, पातळी २५ मिलीने चढली. २१२ भागिले २५ म्हणजे सुमारे ८.५. तांब्याची घनता ८.९६, जस्ताची ७.१४, पितळेची बहुधा ८.४ ते ८.७. रंग पिवळा. पितळ.

आत शिसं ओतलंय हा संशय त्याने फिटला का?

बराचसा. रंग फक्त वरचा थर सांगतो, विशिष्ट उष्मा मात्र आतल्या गाभ्यासकट सगळ्या वस्तूचा येतो. दोन धातू एकत्र असतील तर वजनाच्या प्रमाणात त्यांची सरासरी मिळते. अर्धं वजन शिशाचं असतं तर आकडा ०.२५ आला असता. पाचवा हिस्सा असता तरी ०.३३. तीन वेळा केलं आणि ०.३६८, ०.३६१, ०.३७४ असे आकडे आले, त्यामुळे या दोन्ही शक्यता बाद. शंभरात पाच भाग शिसं असेल तर तो फरक आपल्या चुकीच्या मर्यादेत लपून जातो. त्याबद्दल या प्रयोगाच्या जोरावर मी काही बोलणार नाही.

घनता एवढी सोपी आहे, तर उष्णतेचा खटाटोप कशाला?

वस्तू आतून पोकळ असेल तर घनता फसवते. देव्हाऱ्यातल्या पोकळ मूर्तीची घनता आतल्या हवेमुळे कमी भरते. विशिष्ट उष्म्याला पोकळीचं सोयरसुतक नसतं, कारण आतल्या हवेचं वजन नगण्य. घनता जिथे गोंधळते तिथे उष्मा बोलतो आणि उष्मा जिथे अडतो तिथे घनता. कथील आणि चांदी उष्म्याने वेगळी करता येत नाहीत, घनतेने (७.३ आणि १०.५) चटकन होतात. चुंबकही आधी लावून बघावाच. चिकटला तर लोखंड, निकेल किंवा कोबाल्टचा अंश आहे, एवढं कळतं.

चांदी आणि जर्मन सिल्व्हर ओळखता येईल का?

हो, आणि हे उदाहरण फार चांगलं आहे. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, तांबं, निकेल आणि जस्त असतं, त्यामुळे त्याचा आकडा ०.४० च्या आसपास जातो. चांदीचा ०.२३५. शंभरेक ग्रॅमची वाटी किंवा तबक असेल तर साध्या तापमापीवरही हा फरक दिसतो. फक्त लाखेने भरलेले किंवा खडे बसवलेले दागिने उकळत्या पाण्यात घालू नका.

काशाची वाटी आणि पितळेची वाटी हे प्रकरण अवघड आहे. पारंपरिक काशात सुमारे ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील, म्हणजे साधारण ०.३५. पितळ ०.३८. हाताची सफाई असेल तरच जमतं.

आणि सोनं?

नाही. १० ग्रॅमची अंगठी उकळत्या पाण्यातून ५० ग्रॅम पाण्यात टाकली तर पाणी अर्धा अंशसुद्धा तापत नाही. त्यावर कुठलाही निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे. शिवाय टंगस्टनचा आकडा ०.१३२ आणि सोन्याचा ०.१२९, घनताही दोघांची १९.३ च्या जवळ, त्यामुळे दोन्ही कसोट्या एकाच वेळी फसतात. हॉलमार्क आणि त्यावरचा सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक बघा, शंका असेल तर तपासणी केंद्रात द्या.

कोणती वस्तू तापवू नये?

चारही बाजूंनी बंद असलेली, विशेषतः आत पाणी शिरल्याची शंका असेल तर. बॅटरी किंवा तिचा भाग. तेलात बुडवून ठेवलेला कुठलाही धातू, तो सोडियम किंवा पोटॅशियम असू शकतो आणि पाण्याचा स्पर्श होताच पेटतो. शिशाची शक्यता असेल तर स्वयंपाकाचं पातेलं वापरू नका आणि नंतर साबणाने हात धुवा. पाऱ्याचा तापमापी लहान मुलांच्या हातात देऊ नका.

वहीत उत्तर कसं लिहावं?

तक्ता शेवटपर्यंत मिटलेला ठेवा. आधी तिन्ही वाचनं लिहा, मग त्यांची सरासरी, मग ती किती इकडे-तिकडे होऊ शकते ते. तक्ता आधी बघितला की हात आपोआप त्या आकड्याकडे वळतो: तापमापीवर ३३.८ आणि ३३.९ च्या मध्ये कुठे वाचायचं, हे मन ठरवू लागतं. माझ्या वहीत ओळंब्याची नोंद अशी आहे: ०.३७, अधिक-उणे ०.०१. घनता ८.५. चुंबक चिकटत नाही. पितळ. आणि खाली पेन्सिलीने: पहिलं वाचन ०.४१, गाठ ओली, धरलेलं नाही.